हेक्टरी 5000 : कापसाच्या अर्थसाहाय्याचा आमच्या घरातला हिशेब

2023 च्या खरीप हंगामातील कापूस आणि सोयाबीन उत्पादकांना अर्थसाहाय्य देण्याचा शासन निर्णय 29 जुलै 2024 रोजी निघाला, तेव्हा त्या हंगामातला आमचा कापूस विकून कित्येक महिने उलटले होते आणि वावरात पुढच्या हंगामाची पऱ्हाटी गुडघ्याला लागली होती. निर्णयातला दर समजायला सोपा होता. 20 आर, म्हणजे 0.20 हेक्टरपर्यंतच्या क्षेत्राला सरसकट 1000 रुपये, आणि त्याहून अधिक क्षेत्र असेल तर 2 हेक्टरांच्या मर्यादेत हेक्टरी 5000 रुपये. राज्यभरासाठी 4194.68 कोटी रुपयांची तरतूद झाली होती आणि त्यात कापसाचा वाटा 1548.34 कोटींचा होता. एवढी मोठी रक्कम यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्यासारख्या एका घरापर्यंत कशी पोहोचली, कुठे अडली आणि शेजारच्या वावरापर्यंत का पोहोचली नाही, हे मी जवळून पाहिले. कापूस किती पिकला किंवा किती तोट्यात विकला, यापेक्षा तो कोणाच्या नावे नोंदला गेला यावर सगळे ठरले.

ज्या हंगामासाठी हे पैसे होते तो हंगाम कसा गेला हे आधी सांगितले पाहिजे. 2023 च्या जुलैच्या उत्तरार्धात जिल्ह्यात असा पाऊस कोसळला की नाल्याकाठची वावरे खरडून निघाली. त्यामागून ऑगस्ट जवळजवळ कोरडा गेला. देशभरातच तो ऑगस्ट शंभराहून अधिक वर्षांतला सर्वांत कोरडा ठरला. पाते आणि फुले गळाली. त्यातून सावरलेल्या झाडांवर कापूस फुटला, तर नोव्हेंबरच्या अखेरीस अवकाळी पावसाने तो झाडावरच भिजवला आणि दुसऱ्या वेच्यातल्या बऱ्याच मालाची कवडी, म्हणजे खराब कापूस, झाली. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव त्या वर्षी 7020 रुपये होता, पण जानेवारी-फेब्रुवारीत खेडा खरेदीचे, म्हणजे गावात येऊन माल घेणारे, व्यापारी साडेसहा हजारांच्या आसपासच बोलत होते. हमीभावाच्या केंद्रावर न्यावे तर ओलावा 8 टक्क्यांच्या वर गेला की भावात कपात आणि 12 टक्क्यांच्या वर गेला की माल परत, अशी अट होती. भिजलेल्या कापसाला ती झेपणारी नव्हती.

2021-22 मध्ये 10,000 च्या वर गेलेला भाव सर्वांच्या लक्षात असल्यामुळे गावात बहुतेकांनी कापूस घरात भरून ठेवला होता. आमच्या माजघरात आढ्याला टेकेल एवढी गंजी होती. घरात साठवलेला कापूस अंगाला खाज आणतो; लहान मुलांच्या हातापायांवर बारीक पुरळ उठते, आणि त्यामुळे त्या दोन-अडीच महिन्यांत मुलांची अंथरुणे आम्ही ओसरीत हलवली होती. मार्चअखेर पीककर्ज भरायचे असल्याने फेब्रुवारीच्या मध्यावर मी माल 6700 रुपये क्विंटलने दिला. त्यानंतर थोड्याच दिवसांत भाव वर सरकला, पण तोवर गावातली निम्मी माजघरे रिकामी झाली होती.

पुढे लोकसभेची निवडणूक झाली आणि कापूस-सोयाबीनच्या पडलेल्या भावाचा राग विदर्भ आणि मराठवाड्यातल्या मतदानात उतरला, असे सत्ताधाऱ्यांपासून विरोधकांपर्यंत सगळेच बोलू लागले. 28 जून 2024 रोजी अजित पवार यांनी मांडलेल्या अतिरिक्त अर्थसंकल्पात या अर्थसाहाय्याची घोषणा झाली. विधानसभेची निवडणूक चार-पाच महिन्यांवर नसती तर ही घोषणा इतक्या तातडीने झाली असती, असे मला वाटत नाही. तरीही तोटा खरा होता आणि पैसे मिळत असतील तर ते घेण्यात संकोच करण्याचे कारण नव्हते.

पात्रतेची मुख्य कसोटी एकच होती. 2023 च्या खरिपात ई-पीक पाहणीत, म्हणजे शेतकऱ्याने मोबाइल ॲपवरून केलेल्या पीक नोंदीत, ज्या गटावर (जमिनीच्या तुकड्यावर) कापूस किंवा सोयाबीन नोंदलेले आहे, त्या गटाच्या खातेदाराला रक्कम मिळणार होती. या नोंदींवरून गावोगावच्या याद्या निघाल्या आणि त्या कृषी विभागाकडे आल्या. आमच्या कृषी सहाय्यक मॅडमनी ती यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावली. वैयक्तिक खातेदारांची एक आणि सामायिक खातेदारांची दुसरी, अशा दोन याद्या होत्या. वैयक्तिक खातेदाराने आधारची माहिती वापरण्याबाबतचे संमतीपत्र भरून द्यायचे होते आणि सामायिक खातेदारांनी संमतीपत्रासोबत इतर हिस्सेदारांचे नाहरकत प्रमाणपत्र जोडायचे होते. मॅडमकडे अनेक गावे होती. त्या आठवड्यातून एखाद्या दिवशी येत, मारुतीच्या पारावर बसत, आणि त्यांच्याभोवती कागद घेतलेल्या लोकांचा गराडा पडे. त्या काळात त्यांनी एकाही माणसाला उलट उत्तर दिल्याचे मी पाहिले नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण सरकारी कामाच्या अनुभवात अशा माणसांची नोंद सहसा होत नाही.

आमच्याकडे दोन गट आहेत. पहिला माझ्या एकट्याच्या नावे आहे. दुसरा वडिलांच्या पश्चात वारस नोंदीने आई, मी आणि धाकटी बहीण अशा तिघांच्या नावे सामायिक आहे.

माझ्या नावच्या गटाचे क्षेत्र 1.64 हेक्टर आहे. त्यातला पोटखराब, म्हणजे लागवडीस अयोग्य भाग, वजा जाता 1.60 हेक्टर लागवडीचे उरते. आमच्याकडे नुसता कापूस सहसा कोणी लावत नाही. कापसाच्या काही ओळींनंतर तुरीची एक ओळ असते, म्हणजे पाऊस दगा देवो की बोंडअळी येवो, घरात निदान डाळ तरी येते. ई-पीक पाहणीच्या ॲपमध्ये हे मिश्र पीक म्हणून नोंदवावे लागते, आणि तिथे मुख्य पिकाचे व दुय्यम पिकाचे क्षेत्र वेगवेगळे भरावे लागते. 2023 च्या ऑगस्टमध्ये मी वावरात उभे राहून फोटो काढला आणि कापूस 1.30 हेक्टर व तूर 0.30 हेक्टर अशी नोंद केली. ते वस्तुस्थितीला धरून होते. त्या वेळी या आकड्यांवर पुढे पैसे अवलंबून असतील, अशी कोणालाच कल्पना नव्हती. ज्यांनी तूर सोडून सगळे क्षेत्र कापसाचे दाखवले होते त्यांना एका वर्षाने जास्त रक्कम मिळाली, आणि ज्यांनी खरे लिहिले त्यांची तुरीच्या ओळीपुरती रक्कम कमी झाली. माझ्या बाबतीत 1.60 ऐवजी 1.30 हेक्टरचे, म्हणजे 8000 ऐवजी 6500 रुपये बसले. याबद्दल तक्रार करण्यासारखे काही नाही, कारण तुरीला साहाय्य जाहीर झालेलेच नव्हते. पण पुढच्या वर्षी गावात ई-पीक पाहणी करताना तूर नोंदणाऱ्यांची संख्या घटली असेल तर त्याचे आश्चर्य वाटू नये.

माझे संमतीपत्र भरायला दहा मिनिटे लागली. ज्यांचे नाव आणि आधार नमो शेतकरी महासन्मान निधीच्या माहितीशी जुळत होते त्यांना ई-केवायसी करण्याची गरज नव्हती, आणि मी त्यांत होतो. 30 सप्टेंबर 2024 रोजी मंत्रिमंडळाच्या बैठकीच्या वेळी वितरणाला सुरुवात झाली. पहिल्या टप्प्यात 49 लाख 50 हजार खातेदारांना 2398.93 कोटी रुपये गेल्याचे सांगण्यात आले. त्याच आठवड्यात माझ्या मोबाइलवर बँकेचा संदेश आला. कोणाला भेटावे लागले नाही, कोणाला चहा पाजावा लागला नाही. सातबारा, आधार आणि बँक खाते हे तिन्ही एका माणसाच्या नावे आणि एकाच पद्धतीने लिहिलेले असले, तर ही व्यवस्था किती सुरळीत चालते याचा तो पुरावा होता.

सामायिक गटाची गोष्ट अगदी वेगळी झाली. त्या गटावर 1.10 हेक्टर कापूस आणि 0.70 हेक्टर सोयाबीन नोंदलेले होते, म्हणजे 5500 आणि 3500 मिळून 9000 रुपयांचा प्रश्न होता. बहीण अमरावतीला दिलेली आहे. तिला फोन केला तेव्हा ती लगेच म्हणाली, “दादा, आईच्याच खात्यात जाऊ दे, मला काय विचारतोस?” पण कागदावर सही हवी होती आणि सही म्हटले की घरातली दुसरी माणसेही विचारात येतात. छापील नमुना घेऊन मी अमरावतीला गेलो. जावईबापूंनी चहा होईपर्यंत तो कागद दोनदा वाचला आणि मग फार अदबीने विचारले, “वाईट वाटून घेऊ नका, पण हे हक्कसोड तर नाही ना?”

मला त्यांचा राग आला नाही. आमच्या भागात लेकीच्या सह्या अशाच एखाद्या साध्या वाटणाऱ्या कागदावर घेतल्या गेल्या आणि काही वर्षांनी तिचे नाव सातबाऱ्यावरून गेलेले आढळले, अशी उदाहरणे प्रत्येक गावात आहेत. मी त्यांना नमुन्यातले वाक्य दाखवले. त्यात फक्त या योजनेची, या हंगामाची रक्कम सहहिस्सेदाराच्या खात्यात जमा करण्यास हरकत नाही एवढेच होते. जमिनीवरच्या हक्काचा उल्लेख कुठेही नव्हता. बहिणीने सही केली आणि जावईबापूंनी कोपऱ्यावरच्या दुकानातून त्याची झेरॉक्स काढून स्वतःजवळ ठेवली. ते योग्यच केले. एवढे मात्र खरे की शासनाने हेच वाक्य नमुन्याच्या वरच्या बाजूला ठळक अक्षरांत छापले असते, तर कितीतरी घरांतले अवघड क्षण टळले असते. आमच्याच गावात एका घरातल्या चौघा भावांपैकी एकाने सही दिली नाही म्हणून त्या गटाची रक्कम बराच काळ कोणालाच मिळाली नव्हती. त्यांचे भांडण बांधाचे होते आणि त्याचा या पैशाशी काही संबंध नव्हता, पण सही हे त्या भावाच्या हातातले एकमेव हत्यार होते.

नाहरकत मिळाली, आईचे संमतीपत्र दिले गेले, आणि मग तिच्या ई-केवायसीची वेळ आली. तिच्या आधारला वडिलांचा जुना मोबाइल क्रमांक जोडलेला होता. ते गेल्यावर तो क्रमांक बंद पडला, त्यामुळे ओटीपी येण्याचा प्रश्नच नव्हता. दुसरा मार्ग अंगठ्याचा होता. सेवा केंद्रात आईने यंत्रावर अंगठा ठेवला, मग तर्जनी, मग दुसऱ्या हाताचा अंगठा. यंत्राचा लाल दिवा लागायचा आणि पडद्यावर बोटांचे ठसे जुळत नसल्याचे उमटायचे. केंद्रचालकाने तिला बोटे धुवायला लावली, कोरडी करायला लावली, कपाळाला लावून थोडी तेलकट करायला सांगितले.

बोंड फुटले की त्याच्या पाकळ्या वाळून टोकदार होतात. कापूस ओढताना ती टोके नखांच्या मुळाशी आणि बोटांच्या पेरांवर लागतात. हंगामाच्या सुरुवातीला रक्त येते, नंतर कातडी निबर होते. पन्नासेक वर्षे कापूस वेचलेल्या बाईच्या बोटांवरच्या रेषा यंत्राला सापडाव्यात तरी कशा? केंद्रात त्या दिवशी बसलेल्या बायकांपैकी आणखी काहींची हीच अडचण होती. आई माझ्याकडे पाहून म्हणाली, “बाबू, कापूस म्याच वेचला, अन् आता मी मीच हाओ हे कसं सांगू?”

मग तालुक्याच्या आधार केंद्रात गेलो. तिथे बुबुळाच्या यंत्राने तिची ओळख पटली, 50 रुपये शुल्क भरून नवा मोबाइल क्रमांक जोडला गेला आणि तो क्रमांक नोंदीत येईपर्यंत काही दिवस थांबावे लागले. हे झाल्यावर पुन्हा सेवा केंद्र गाठले, तर नावाचा प्रश्न निघाला. सातबाऱ्यावर आईच्या नावापुढे ‘बाई’ आहे आणि आधारवर नाही. संगणक दोन नावे ताडून पाहतो आणि ठरावीक प्रमाणापेक्षा कमी जुळली की प्रकरण बाजूला ठेवतो. त्याचा निकाल मॅडमनी पडताळणीत लावला. त्यांना आई कोण हे ठाऊक होते. ज्या गावात कृषी सहाय्यक नुकताच बदलून आला असेल, तिथल्या बायकांचे काय झाले असेल कोण जाणे.

दिवाळी आली आणि गेली. विधानसभेचे मतदान झाले, निकाल लागले. आईच्या पासबुकात काही नोंद होईना. योजनेच्या संकेतस्थळावर आधार क्रमांक टाकून वितरणाची स्थिती पाहता येत होती, आणि डिसेंबरात एके दिवशी तिथे रक्कम जमा झाल्याचे दिसले. आम्ही बँकेत गेलो; तिथल्या बाईंनी पासबुक छापून दिले आणि त्यात काहीच नव्हते. पैसे गेले कुठे?

उत्तर ऑगस्टमध्ये दडलेले होते. लाडकी बहीण योजनेसाठी तेव्हा गावात खाती उघडण्याची झुंबड उडाली होती. आईचे वय बासष्ट, म्हणजे ती त्या योजनेच्या वयोमर्यादेत होती. शिबिरात आलेल्या माणसाने तिचे दुसऱ्या बँकेत नवे खाते उघडून दिले आणि त्याला आधार जोडला. थेट लाभाचे पैसे खाते क्रमांकावर जात नाहीत, ते आधारवर जातात. आणि आधारला जे खाते शेवटी जोडलेले असेल तिथे ते पडतात. संमतीपत्रावर आम्ही जुन्या बँकेचा क्रमांक कितीही सुवाच्य अक्षरांत लिहिला असता तरी त्याला अर्थ नव्हता. नव्या खात्यात 1500 रुपयांच्या हप्त्यांच्या रांगेत 5500 आणि 3500 अशा दोन नोंदी शांतपणे बसलेल्या होत्या. हा नियम आधी कोणी सांगितला असता तर आमचा तो आठवडा वाचला असता. त्यानंतर गावात ज्याने ज्याने पैसे आले नाहीत म्हणून सांगितले त्याला मी पहिला प्रश्न हाच विचारू लागलो की आधार कोणत्या बँकेला जोडलेला आहे, आणि बऱ्याचदा उत्तर तिथेच सापडे.

ई-पीक पाहणी ज्यांची राहून गेली होती, त्यांची अडचण वेगळी होती. आमच्या शेजारच्या काकांचे वावर टेकडीच्या पलीकडच्या उतारावर आहे. तिथे मोबाइलला रेंज नसते. 2023 मध्ये त्यांच्या नातवाने प्रयत्न केला होता, पण माहिती वर चढली नाही. पुढे तलाठ्यांच्या स्तरावरच्या नोंदीतून त्यांच्या सातबाऱ्यावर कापूस आला, तरी ई-पीक पाहणीच्या यादीत त्यांचे नाव नव्हते. अशा तक्रारी राज्यभरातून आल्यावर शासनाने ही अट शिथिल केली आणि सातबाऱ्यावर नोंद असलेल्यांनाही पात्र धरले. पुरवणी यादीत काकांचे नाव आले. त्यांचा कापूस दोन्ही वेळा तेवढाच होता.

मला सर्वांत जास्त खटकली ती गोष्ट मात्र कोणत्याही शिथिलतेने सुटणारी नव्हती. माझ्या बांधाला लागून पाच एकरांचे वावर आहे. मालक नागपूरला असतात. नोकरीतून निवृत्त झालेले, सज्जन गृहस्थ आहेत. वावर गेली काही वर्षे गावातलाच एक तरुण मक्त्याने करतो. मक्त्याची रक्कम तो पाडव्याला आगाऊ देतो. बियाणे, खत, फवारणी, निंदण, वेचणी, सगळा खर्च त्याचा. 2023 मध्ये खरडलेली जमीन त्याने भरली आणि कवडी झालेला कापूस त्यानेच पडत्या भावात विकला. त्यांच्यात लेखी करार नाही. लेखी झाले तर कूळ लागेल, म्हणजे कसणाऱ्याचा जमिनीवर हक्क तयार होईल, अशी भीती मालकांना वाटते, आणि करारासाठी आग्रह धरला तर वावर जाईल अशी भीती मक्तेदाराला वाटते. ई-पीक पाहणी त्यानेच स्वतःच्या फोनवरून मालकांच्या खात्यावर केली होती, कारण एका फोनवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते. त्या नोंदीच्या आधारे 2 हेक्टरांचे 10,000 रुपये नागपूरच्या खात्यात जमा झाले.

तो दोन दिवस काही बोलला नाही. मग माझ्या ओसरीत येऊन म्हणाला, “भाऊ, तुमी एखादा शब्द टाकून पाहा ना.” मी फोन केला. मालकांना रक्कम आल्याचेही लक्षात आलेले नव्हते. त्यांनी ऐकून घेतले आणि पुढच्या मक्त्यात निम्मे धरू असे सांगितले, आणि खरोखरच पाडव्याला 5000 रुपये कमी घेतले. एवढे करणारे मालकही थोडेच असतील. पण त्या तरुणाला जे मिळाले ते शासनाकडून मिळाले नव्हते. मालकांच्या भलेपणातून मिळाले होते. तोटा भरून काढण्यासाठी काढलेल्या योजनेत तोटा सोसणाऱ्याचे नावच नसावे, ही त्रुटी कारकुनी नाही. राज्यात मक्त्याने आणि बटईने (पिकाच्या वाट्यावर) किती जमीन कसली जाते याची सरकारदरबारी नीट नोंदच होत नाही, त्यामुळे जी योजना सातबाऱ्यावरून निघेल ती त्यांना वगळूनच निघेल.

आता रकमेविषयी. हेक्टरी 5000 म्हणजे एकरी 2000 रुपये. त्या हंगामात आमच्या कोरडवाहू वावरात एकरी सहा क्विंटलच्या आसपास कापूस झाला, म्हणजे क्विंटलमागे साधारण 333 रुपये पडले. मला मिळालेल्या 6700 मध्ये ते मिळवले तर बेरीज हमीभावाच्या किंचित वर जाते, आणि कागदावर पाहणाऱ्याला हिशेब जमला असे वाटेल. खर्चाच्या बाजूने पाहिले तर चित्र बदलते. वेचणीचा दर त्या वर्षी किलोला 10 रुपयांपर्यंत गेला होता; सहा क्विंटलच्या वेचणीलाच 6000 रुपये लागले. 2024 च्या खरिपात बीटी बियाण्याच्या पाकिटाची किंमत 864 रुपये होती आणि एकराला दोन पाकिटे लागतात, म्हणजे एकरी साहाय्यातून पुढच्या वर्षीचे बियाणे आले आणि पावणेतीनशे रुपये उरले. पण पैसे आले तेव्हा पेरणी होऊन गेलेली होती, त्यामुळे बियाणे उधारीवरच घेतले गेले होते. माझ्या 6500 पैकी बहुतेक रक्कम कृषी केंद्राच्या वहीत गेली. हे पैसे मे महिन्यात मिळाले असते तर त्यांची किंमत जास्त झाली असती, असे माझे ठाम मत आहे.

गावातली जुनी माणसे या सगळ्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहतात. 1972 पासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदी होती, म्हणजे कापूस सरकारी यंत्रणेलाच विकावा लागे; तेव्हा माल फेडरेशनच्या केंद्रावर जायचा. बैलबंड्यांच्या रांगा लागायच्या, काट्यावर येईपर्यंत रात्री उलटायच्या, आणि चुकारे, म्हणजे मालाचे पैसे, हप्त्याहप्त्याने व्हायचे. वडील सांगत की चुकाऱ्यासाठी सोसायटीच्या दारात उभे राहताना सचिवाशी कसे बोलायचे हे एक शास्त्रच होते. त्यांच्या तुलनेत मोबाइलवर आलेला संदेश ही मोठी सुधारणा आहे, आणि पैशांना मधल्या हातांत फुटणारे पाय बंद झाले हे मी नाकारणार नाही. फक्त आता माणसाऐवजी नोंदीची मनधरणी करावी लागते, आणि नोंदीला परिस्थिती सांगता येत नाही.

त्यानंतर नोंदींचे महत्त्व वाढतच गेले आहे. 2025 च्या एप्रिलपासून कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक अनिवार्य झाला. आईचा क्रमांक काढताना तिच्या नावातला ‘बाई’ पुन्हा आडवा आला, पण या वेळी बुबुळाची नोंद आणि चालू मोबाइल असल्याने काम लवकर झाले. सामायिक गटाची वाटणी करून तिघांचे सातबारे वेगळे करावेत, असा विषय बहिणीने स्वतःहून काढला आहे. आईला ते पटत नाही. वडिलांच्या नावचा गट आपल्या हयातीत तुटू नये असे तिला वाटते. नाहरकतीचा कागद पुन्हा लागलाच तर जावईबापूंकडे त्याची प्रत आहे, एवढे म्हणून तिने तो विषय सध्या मिटवला आहे.

2025-26 च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव 8110 रुपये जाहीर झाला, पण ऑगस्टमध्ये आयातशुल्क माफ झाल्यावर गावातला भाव त्याच्या बराच खाली राहिला, त्यामुळे हमीभावाच्या केंद्रावर माल घालण्याला पूर्वी कधी नव्हते एवढे महत्त्व आले. त्यासाठी कपास किसान ॲपवर नोंदणी करावी लागते आणि नोंदणीला सातबाऱ्यावरची पीक नोंद लागते. माझ्या गटाची नोंदणी झाली, सामायिक गटाची आईच्या नावे झाली. बांधापलीकडच्या तरुणाला मालकांच्या आधारवर नोंदणी करून माल घालता आला असता, परंतु तसे केले तर पैसे मालकांच्या खात्यात जाणार, आणि पाच एकरांच्या कापसाची रक्कम एवढी मोठी असते की ती परत मागण्याचा प्रसंग ओढवून घ्यायला तो धजला नाही. त्याने पहिल्या दोन वेच्यांचा माल खेडा खरेदीच्या व्यापाऱ्याला रोखीने दिला.